'सापडलं नाही' म्हणजे काय? ग्रेप ते रिपग्रेप



आजचा विषय वाचून काही मंडळींनी विचारलं की आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला कोडमध्ये शोध घेणाऱ्या प्रोग्रॅमशी काय देणंघेणं? प्रश्न रास्त आहे. आपल्या श्रोत्यांत निम्मी मंडळी सॉफ्टवेअरमधली आहेत आणि निम्मी आमच्यासारखी निवृत्त. पहिल्यांना ही साधनं रोजची आहेत, दुसऱ्यांना त्यांची नावंही नवी असतील. पण 'अमुक गोष्ट इथे नाही' असं आपण कशाच्या बळावर म्हणतो, हा प्रश्न दोघांचाही आहे. आमच्या शास्त्रात त्यावर दीड हजार वर्षं वाद चालला आहे आणि गेल्या पन्नास वर्षांत तो संगणकाच्या टर्मिनलवर नव्याने उभा राहिला आहे.

प्रसंग साधा आहे. एखाद्या कंपनीचा कोड हजारो फाइलींमध्ये पसरलेला असतो. एक नाव कुठे कुठे वापरलं आहे ते पाहायचं असतं. काळ्या पडद्यावर एक आज्ञा टाइप करायची, पुढे हवा तो शब्द लिहायचा, की जिथे जिथे तो शब्द आहे त्या ओळी समोर येतात. हे काम अनेक दशकं 'ग्रेप' नावाचा प्रोग्रॅम करत आला. आता बरेच लोक 'रिपग्रेप'कडे वळले आहेत, कारण तो फार वेगवान आहे. टाइप करायला दोनच अक्षरं, आर आणि जी. हा वेग कुठून आला, आणि त्याची किंमत काही आहे का, एवढंच आज पाहायचं आहे.

आधी थोडं मागे जाऊ. मोठ्या ग्रंथात शब्द शोधण्याचे मार्ग दोनच. एक, कुणीतरी आधीच बसून सूची करून ठेवायची. दुसरा, दर वेळी सगळा ग्रंथ पहिल्यापासून वाचायचा. माणसाला दुसरा मार्ग परवडत नाही, म्हणून आपण पहिल्यावर जगलो. कर्नल जी. ए. जेकब यांचा उपनिषदं आणि गीता यांचा शब्दकोश १८९१ साली मुंबईत छापला गेला. आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांचे प्रबंध त्याच्यावर उभे आहेत. पण सूचीत एक गोम असते. सूचीत शब्द नाही म्हणजे ग्रंथात नाही, हे आपण सूचीकाराच्या भरवशावर मानतो. आणि बहुतेक सूचीकार 'आणि', 'मध्ये', 'वर' असले बारके शब्द गाळतात, कारण ते घेतले तर सूची ग्रंथाहून मोठी होईल.

इटलीतले जेझुइट धर्मगुरू रोबेर्तो बुसा यांना नेमकी हीच अडचण आली. थॉमस अक्वायनसच्या लेखनातली 'उपस्थिती'ची कल्पना हा त्यांच्या प्रबंधाचा विषय. काम करता करता त्यांच्या ध्यानात आलं की ही कल्पना 'इन' या लॅटिन शब्दयोगीत दडली आहे, म्हणजे आपल्या 'मध्ये'त. मग त्यांनी 'इन' असलेली वाक्यं हाताने कार्डांवर उतरवली. दहा हजार कार्डं! १९४९ साली ते आयबीएमचे प्रमुख थॉमस वॉटसन यांना जाऊन भेटले, आणि तिथून अक्वायनसच्या समग्र शब्दांची सूची यंत्रावर करण्याचं काम सुरू झालं. सुमारे १ कोटी १० लाख शब्द, छापील ५६ खंड, जवळजवळ तीस वर्षांचं काम. कुणी तरी क्षुल्लक म्हणून गाळलेला एक शब्द मिळवण्यासाठी एवढा खटाटोप. हे उदाहरण डोक्यात ठेवा.

आता दुसरा मार्ग: दर वेळी सगळं वाचायचं. हा मार्ग यंत्राने शक्य केला, आणि त्याची मुळं आश्चर्य वाटावं अशा ठिकाणी आहेत. १९४३ साली मॅककुलक आणि पिट्स या दोघांनी मेंदूतल्या पेशींचं एक तार्किक चित्र मांडलं: पेशी एकतर चेतते किंवा चेतत नाही. असं जाळं कोणकोणते घटनाक्रम ओळखू शकेल, हा प्रश्न तर्कशास्त्रज्ञ स्टीफन क्लीनी यांनी १९५१च्या उन्हाळ्यात हाती घेतला. तो लेख १९५६मध्ये छापला गेला. त्यात त्यांनी अशा घटनाक्रमांना 'रेग्युलर' म्हटलं आणि ते लिहिण्यासाठी एक बीजगणित तयार केलं. 'हे किंवा ते', 'हे आणि मग ते', 'हे कितीही वेळा'. बस, तीन क्रिया. आज प्रोग्रॅमर 'कितीही वेळा' यासाठी जी चांदणी टाइप करतात, ती क्लीनींची.

मेंदूचं गणित शोधाचं हत्यार झालं ते केन थॉम्पसन यांच्यामुळे. १९६८च्या जूनमध्ये त्यांचा एक छोटा लेख प्रसिद्ध झाला. क्लीनींच्या पद्धतीने लिहिलेला नमुना द्यायचा आणि त्यावरून आयबीएम ७०९४ या संगणकासाठी शोध घेणारा यंत्रसंकेत आपोआप तयार व्हायचा. त्यातली युक्ती सांगतो, कारण पुढे तिची गरज लागणार आहे. समजा नमुना असा आहे की पुढचं अक्षर दोन प्रकारे जुळू शकतं. एक वाट धरून शेवटपर्यंत जायचं, फसलो तर मागे येऊन दुसरी वाट धरायची, असं आपण चक्रव्यूहात करू. थॉम्पसन तसं करत नाहीत. ते सगळ्या वाटांवर एकदम एकेक पाऊल टाकतात. मजकुरातलं प्रत्येक अक्षर एकदाच वाचलं जातं, मागे वळणं नाही.

पुढे थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये युनिक्स घडवली. तिच्यात 'एड' नावाचा एडिटर होता. त्यात जी, मग दोन तिरक्या रेघांमध्ये नमुना, मग पी असं लिहिलं की फाइलभर तो नमुना शोधून जुळलेल्या ओळी छापल्या जात. 'ग्लोबल', 'रेग्युलर एक्स्प्रेशन', 'प्रिंट' यांची आद्याक्षरं जुळवा, 'ग्रेप' तयार होतं. थॉम्पसन यांच्याकडे स्वतःपुरता असा एक शोधक प्रोग्रॅम आधीच होता. त्यांचे वरिष्ठ डग मॅकिलरॉय म्हणाले, फाइलींमध्ये असं काही शोधता आलं तर बरं होईल. थॉम्पसन म्हणाले, रात्रभर विचार करतो, आणि सकाळी नीटनेटका करून हजर केला. १९७३ साली युनिक्सच्या चौथ्या आवृत्तीच्या माहितीपुस्तकात ग्रेप आला.

आम्हाला जास्त आवडते ती दुसरी हकिगत, ब्रायन कर्निघन सांगतात ती. त्यांचे सहकारी ली मॅकमहन यांना 'फेडरलिस्ट पेपर्स'चा मजकूर तपासायचा होता. अमेरिकेची राज्यघटना मंजूर व्हावी म्हणून १७८७-८८मध्ये लिहिलेले हे ८५ निबंध. लेखक तिघे, हॅमिल्टन, मॅडिसन आणि जे. पण सही एकच टोपणनाव, 'पब्लियस'. त्यातले १२ निबंध हॅमिल्टनचे की मॅडिसनचे, यावर वाद होता. मॅकमहन यांना हा मजकूर चाळायचा होता, आणि त्या वेळच्या इवल्याशा स्मृतीच्या यंत्रावर तो एडमध्ये मावेना. ग्रेपला फाइल स्मृतीत भरावी लागत नाही. ओळ वाचली, जुळली तर छापली, नाही तर सोडली. मावण्याचा प्रश्नच मिटला.

या निबंधांचा वाद कसा सुटला ते पाहण्यासारखं आहे. १९६४ साली मोस्टेलर आणि वॉलेस या संख्याशास्त्रज्ञांनी दाखवलं की हॅमिल्टन 'अपॉन' हा शब्द सढळ हाताने वापरतो, मॅडिसन फार क्वचित. वादातल्या निबंधांत तो जवळजवळ नाहीच. म्हणून ते मॅडिसनचे. मोठमोठ्या राजकीय कल्पनांनी नाही, एका बारक्या शब्दाच्या अभावाने निकाल दिला. म्हणजे ज्या मजकुरासाठी ग्रेप लिहिला गेला असं सांगतात, त्याच मजकुरात 'नसणं' हा पुरावा होता! आणि असा पुरावा केव्हा चालतो? सगळा मजकूर खरोखर वाचला असेल तेव्हाच.

इथून पुढे वेगाचा इतिहास सुरू होतो. त्याचे दोन भाग आहेत, आणि ते वेगळे ठेवले पाहिजेत.

पहिला भाग: फाइल वाचायची आहे, पण प्रत्येक अक्षर न बघता. १९७५ साली आल्फ्रेड एहो आणि मार्गारेट कोरासिक यांनी अनेक शब्द एकाच फेरीत शोधण्याची रीत छापली. तिचा जन्म ग्रंथसूचीत शोध घेण्यासाठी झाला होता, हे लेखाच्या नावातच आहे. १९७७मध्ये बॉयर आणि मूर यांनी त्याहून गमतीची गोष्ट केली. समजा 'अहमदनगर' शोधायचं आहे. (आता नाव बदललं आहे, पण जुन्या कागदांत शोधायचं तर जुनंच टाइप करावं लागणार.) सात अक्षरं, एकही काना-मात्रा नाही. आपण मजकुराचं पहिलं अक्षर बघू. बॉयर आणि मूर सातवं बघतात. तिथे 'क' असेल तर 'क' या शब्दात कुठेच नाही. म्हणजे या सात अक्षरांत 'अहमदनगर' सुरू होऊन त्या 'क'वरून जाणं अशक्य. सातच्या सात सोडून पुढे उडी. तिथे 'न' असेल तर दोन घरं सरकायचं, म्हणजे 'न'खाली 'न' येतो. शब्द जितका लांब तितकी उडी मोठी. लांब शब्द शोधायला कमी वेळ लागतो, हे ऐकून आमच्या एका वर्गात मुलं हसली होती, पण खरं आहे.

ग्नू प्रकल्पाचा ग्रेप माइक हेर्टेल यांनी लिहिला. २०१०मध्ये त्यांनी त्याच्या वेगाचं रहस्य सांगितलं. मथितार्थ असा: मजकुराची शक्य तितकी अक्षरं बघूच नका, आणि जी बघावी लागतील त्यांच्यावर कमीत कमी काम करा. आता पाहा, इथे न बघणं आहे, पण ते निर्दोष आहे. जी अक्षरं सोडली तिथे शब्द असूच शकत नाही, हे सिद्ध करून सोडली आहेत. तर्काने न बघता कळलं. आमच्या भाषेत, प्रत्यक्षाच्या जागी अनुमान आलं, पण ज्ञानात खोट आली नाही.

मधल्या काळात एक विसर पडला, त्याबद्दल दोन शब्द. पर्ल आणि तिच्यामागून आलेल्या अनेक भाषांनी नमुन्यांची लिपी खूप वाढवली, पण शोधण्यासाठी चक्रव्यूहाची रीत घेतली: एक वाट, फसलो की मागे. बहुतेक वेळा चालतं. पण काही नमुन्यांत वाटांच्या वाटा इतक्या फुटतात की यंत्र मागे येत येतच थकतं. २००७मध्ये रस कॉक्स यांनी एक सविस्तर लेख लिहून दाखवून दिलं की थॉम्पसन यांची चाळीस वर्षांपूर्वीची रीत अशा ठिकाणी अतोनात वेगवान आहे. किती जणांनी ते मनावर घेतलं? २० जुलै २०१६ला स्टॅक ओव्हरफ्लो ही प्रोग्रॅमरांची पंढरी ३४ मिनिटं बंद पडली. कारण काय, तर एका मजकुरात सुमारे २०,००० रिकाम्या जागा सलग आल्या आणि त्या छाटणारा नमुना मागे येत बसला. २ जुलै २०१९ला क्लाउडफ्लेअरच्या एका नियमातल्या अशाच नमुन्याने जगभरातल्या असंख्य वेबसाइटी २७ मिनिटं खोळंबल्या. त्यानंतर त्यांनी जाहीर केलं की हमीच्या वेळात काम संपवणाऱ्या इंजिनाकडे जाणार, आणि दोन पर्याय सांगितले: कॉक्स यांचं आरई२ किंवा रस्ट भाषेतलं इंजिन. हे रस्टमधलं इंजिन अँड्र्यू गॅलंट यांचं, आणि रिपग्रेप त्याच इंजिनावर चालतो.

आता वेगाचा दुसरा भाग. तो जास्त अवघड आहे, कारण तिथे गणित नाही, निवड आहे.

२००५ साली अँडी लेस्टर यांनी 'अ‍ॅक' लिहिला. तो पर्लमध्ये होता. नुसत्या वाचनात ग्रेपहून वेगवान असण्याचं कारण नव्हतं. तरी प्रोग्रॅमरांना तो वेगवान वाटला. का? तेव्हा कोडच्या जुन्या आवृत्त्या सांभाळायला सबव्हर्जन वापरत. ते प्रत्येक फोल्डरमध्ये एक लपलेलं फोल्डर करून त्यात प्रत्येक फाइलची एक प्रत ठेवी. ग्रेपला 'सगळीकडे शोध' म्हटलं की प्रत्येक ओळ दोनदा येई, एकदा खरी आणि एकदा त्या प्रतीतली. अ‍ॅकने ठरवलं की असली फोल्डरं पाहायचीच नाहीत. वाचन अर्ध्यावर आलं आणि कचराही गेला. २०११च्या सुमारास जेफ ग्रीअर यांनी हीच कल्पना सी भाषेत आणली. नाव 'सिल्व्हर सर्चर', आणि आज्ञा 'एजी', चांदीचं रासायनिक चिन्ह. त्यांनी आणखी एक पाऊल टाकलं. गिट वापरणारे लोक 'गिटइग्नोर' नावाच्या फाइलीत लिहून ठेवतात की अमुक फाइली इतिहासात नोंदवू नका. एजी म्हणाला, तुम्हीच दुर्लक्ष करायला सांगितलं आहे ना, मग मीही करतो.

सप्टेंबर २०१६मध्ये गॅलंट यांनी रिपग्रेप जाहीर केला. त्यात दोन्ही भाग एकत्र आले. आत थॉम्पसनच्या वंशातलं इंजिन, एहो-कोरासिक आणि बॉयर-मूर यांचे वारसदार, आजच्या प्रोसेसरची सोळा-बत्तीस बाइट एका दमात तपासण्याची ताकद, आणि अनेक फाइली एकाच वेळी वाचणं. आणि बाहेर एजीसारखी निवड: गिटइग्नोरमध्ये असलेल्या फाइली सोड, लपलेल्या सोड, मजकूर नसलेल्या बायनरी सोड. २०१७ पासून मायक्रोसॉफ्टच्या व्हीएस कोड या एडिटरमधला शोधही आतून रिपग्रेपच करतो, म्हणजे ज्यांनी काळा पडदा कधी उघडला नाही तेही त्याचं मीठ खातात. गॅलंट यांचं आम्हाला कौतुक वाटतं ते वेगापेक्षा एका गोष्टीसाठी. त्यांनी सोबत जे लांबलचक मोजमाप छापलं, त्यात ते पुन्हा पुन्हा बजावतात की दोन साधनांनी एकच काम केलं असेल तरच त्यांच्या वेळांची तुलना करा. एकाने दहा हजार फाइली वाचल्या, दुसऱ्याने दोनशे, आणि दुसरा वेगवान, याला शर्यत म्हणत नाहीत.

आता आमच्या शास्त्राकडे येतो. जमिनीवर घडा नाही, हे आपल्याला कसं कळतं? भाट्ट मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती म्हणतात, 'अनुपलब्धी' या स्वतंत्र प्रमाणाने, म्हणजे न दिसण्याने. नैयायिकांना स्वतंत्र प्रमाण मान्य नाही. अभाव खरा आहे, पण तो इंद्रियांनीच कळतो. बौद्धांचा धर्मकीर्ती अनुपलब्धीला हेतूचा एक प्रकार मानतो, म्हणजे ते अनुमान झालं. वाद भरपूर आहे, पण एका अटीवर सगळे एकत्र येतात. नुसतं न दिसणं पुरत नाही. ते 'योग्य' असावं लागतं: ती वस्तू तिथे असती तर दिसलीच असती, अशी स्थिती हवी. उजेड हवा, डोळे शाबूत हवेत, वस्तू दिसण्याजोगी हवी. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही म्हणून घडा नाही असं होत नाही. आणि पिशाच तर भर उजेडात दिसलं नाही तरी 'नाही' म्हणता येत नाही, कारण ते दिसण्याच्या जातीचंच नाही. हे पिशाचाचं उदाहरण जुन्या ग्रंथांतलंच बरं का, आमचं नव्हे.

आता टर्मिनलवर या. कोडमध्ये कुणी पासवर्ड उघडा लिहून ठेवला आहे का, हे तपासायचं आहे. आरजी लिहून शोध घेतला. क्षणात उत्तर आलं, म्हणजे काहीच आलं नाही. छान, नाही म्हणायचं? पासवर्ड आणि किल्ल्या ठेवण्याची सर्वांत प्रचलित जागा म्हणजे टिंब-एन्व्ह नावाची फाइल. ती टिंबाने सुरू होते, म्हणून लपलेली. आणि गुप्त असल्यामुळे शहाणी माणसं ती गिटइग्नोरमध्ये घालतात, म्हणून वगळलेली. घडा असण्याची शक्यता जिथे सर्वांत जास्त, नेमक्या त्या कोपऱ्यात दिवा नाही. ज्याला 'कुठे आहे' हवं आहे त्याला रिपग्रेपची निवड वरदान आहे. ज्याला 'कुठेच नाही' असं म्हणायचं आहे, त्याच्या पायाखालची जमीन ती काढून घेते, आणि पडद्यावर दोघांना एकसारखंच दिसतं.

टिंबाने लपण्याची कथाही ऐका. रॉब पाइक यांनी ती सांगितली आहे. युनिक्समध्ये प्रत्येक फोल्डरमध्ये 'मी स्वतः' आणि 'माझं वरचं फोल्डर' अशा दोन नोंदी असतात, एक टिंब आणि दोन टिंबं. यादी दाखवताना त्या दिसू नयेत म्हणून कुणीतरी सोपा मार्ग काढला: पहिलं अक्षर टिंब असेल तर सोडून दे. त्यामुळे टिंबाने सुरू होणारं सगळंच दिसेनासं झालं. लपलेली फाइल ही कल्पना कुणी योजलेली नव्हती. एका आळसाची ती संतती, आणि पन्नास वर्षांनी तिच्यावर सुरक्षेच्या तपासण्या अवलंबून राहतात.

ग्रेप लिहिणाऱ्यांना हा भेद अंधुकपणे दिसला असावा. ग्रेप संपताना एक आकडा मागे ठेवतो. सापडलं तर ०. सापडलं नाही तर १. आणि शोधतानाच काही बिघडलं, फाइल उघडली नाही वगैरे, तर २ किंवा मोठा. 'नाही' आणि 'बघता आलं नाही' हे दोन वेगळे आकडे आहेत! रिपग्रेपनेही हीच रीत ठेवली आहे. पण 'बघायचं नाही असं ठरवलं होतं' याला आकडा नाही. तेही १ मध्येच जातं. एकही फाइल वाचली गेली नाही, तर मात्र रिपग्रेप सावध करतो की बहुधा तुम्हाला अनपेक्षित असलेली गाळणी लागली आहे. एक जरी वाचली गेली तर गप्प.

उपाय कठीण नाही. रिपग्रेपला उणे चिन्हानंतर एकदा यू लिहून दिलं की तो गिटइग्नोर मानत नाही, दोनदा दिलं की लपलेल्याही फाइली पाहतो, तिनदा दिलं की बायनरीही सोडत नाही. तीन यू म्हणजे जवळपास जुना ग्रेप. फाइली दाखवण्याचा पर्याय दिला तर कोणकोणत्या फाइली तो वाचणार आहे त्यांची यादीच समोर येते. 'नाही' म्हणण्याआधी ती यादी पाहणं म्हणजे खोलीत दिवा आहे का ते पाहणं.

पण योग्यतेची एक अट अशी आहे की ती कितीही यू लिहून पुरी होत नाही. शोधायचं ते कोणत्या रूपात लिहिलं आहे हे माहीत हवं. २००० सालापूर्वी मुंबई-पुण्याच्या कंपन्यांत हजारो मुलं परदेशातल्या कोबॉल प्रोग्रॅमांमध्ये दोन आकड्यांत लिहिलेली वर्षं हुडकत होती. तारीख प्रत्येक वेळी 'डेट' या नावाने लिहिलेली असती तर काम सोपं होतं. लिहिणाऱ्याने मनाला येईल ते नाव दिलेलं. डिसेंबर २०२१मध्ये लॉगफोरजे या जावाच्या एका भागात भयंकर छिद्र उघडकीला आलं, तेव्हा जगभर प्रत्येक जण आपल्या घरात तो भाग आहे का ते शोधू लागला. आणि तो असे दाबून बांधलेल्या गाठोड्यांत, कधी गाठोड्यातल्या गाठोड्यात. साध्या मजकूरशोधाने 'नाही' म्हणणाऱ्यांना पुन्हा शोधावं लागलं.

आपल्या मराठीत तर हे घरोघरी आहे. 'दुसऱ्या' हा शब्द घ्या. यातला आखूड दांडीचा र संगणकात तीन प्रकारे लिहिलेला सापडतो. एक, त्याच्यासाठी युनिकोडमध्ये ठेवलेलं स्वतंत्र चिन्ह. दोन, साधा र आणि खाली नुक्ता. तीन, र, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना तिन्ही सारखेच. ग्रेपला आणि रिपग्रेपला तिन्ही वेगळे. एका रूपात शोधलं तर उरलेल्या दोन रूपांतले सगळे 'दुसऱ्या' पिशाच झाले! आणि श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटांत टंकलेल्या हजारो फाइली अजून लोकांकडे पडून आहेत. त्यांत पडद्यावर मराठी दिसतं, पण आत भलत्याच अक्षरांचे आकडे असतात. तिथे 'शिवाजी' शोधा, एकही ओळ येणार नाही.

एका बाबतीत मात्र रिपग्रेपने आपल्याला न्याय दिला. 'शब्द' म्हणजे काय, हे प्रत्येक शोधसाधनाला ठरवावं लागतं. जुनी साधनं इंग्रजी अक्षरं, आकडे आणि अधोरेखा यांनाच शब्दाचा भाग मानत. त्यांच्या हिशेबी मराठी शब्द हा शब्दच नव्हता. काही नव्या भाषा अक्षरं मानतात पण काना-मात्रा मानत नाहीत, म्हणजे 'पाणी'चे तुकडे पडतात. रस्टच्या इंजिनाने युनिकोडची व्याख्या घेतली आहे. तिच्यात मात्रा, हलन्त आणि ते न दिसणारं जोडचिन्हही शब्दातच धरलं जातं.

मार्गदर्शक म्हणून आम्ही प्रबंध तपासले, परीक्षक म्हणूनही तपासले. 'हा शब्द लेखकाच्या समग्र वाङ्मयात कुठेही येत नाही' असं वाक्य पूर्वी कुणी सहजी लिहीत नसे. ते लिहायला आयुष्य घालवावं लागे. गेल्या पंधरा-वीस वर्षांत ते प्रत्येक तिसऱ्या प्रबंधात असतं, आणि 'कशावरून?' विचारलं तर उत्तर येतं, सर, सर्च केलं. कशात सर्च केलं? पीडीएफमध्ये. त्यातली निम्मी पानं नुसती छायाचित्रं. कोणत्या वर्णलेखनाने? गप्प. हे विद्यार्थ्यांच्या आळसाचं लक्षण नाही. साधनाने 'नाही' इतक्या झटकन आणि इतक्या शांतपणे सांगितलं की विचारायचं सुचतच नाही. हळू साधनात निदान वाट बघताना मनात शंका यायला वेळ मिळे.

एका श्रोत्याने आधीच लिहून प्रश्न पाठवला आहे: मग ग्रेप सोडून रिपग्रेपकडे जावं की नाही? जरूर जावं. रोजच्या कामात शंभरातल्या नव्वद वेळा प्रश्न 'कुठे आहे' हाच असतो. ग्रेप काढून मात्र टाकू नका. युनिक्सच्या मान्य प्रमाणात तो आहे, म्हणून प्रत्येक यंत्रावर असतोच, आणि जुन्या स्क्रिप्टी त्याच्यावरच उभ्या आहेत. त्याची दोन भावंडं, ईग्रेप आणि एफग्रेप, यांना मात्र ग्नूने जुनाट ठरवलं आहे. वापरलीत तर काम होतं, पण २०२२च्या आवृत्तीपासून आधी एक सूचना ऐकावी लागते. आणि तुमची जी स्क्रिप्ट 'सापडलं नाही' या उत्तरावर पुढची फाइल पुसून टाकते, तीत आज्ञा बदलण्याआधी यादीचा पर्याय चालवून दोन्ही साधनं कोणत्या फाइली वाचतात ते शेजारी शेजारी ठेवून बघा. एवढं झालं की बदला.